मुके जनावर आणि हळवे मूल

मे महिन्यातली गोष्ट. करवंदांचे दिवस. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या हद्दीवरच्या एका पाड्यावरून एक आजी आपल्या नातवाला घेऊन सकाळीच दवाखान्यात आल्या. "डागदर, पोर रातभर फणफणलंय," एवढेच म्हणाल्या. मुलगा तिसरी संपवून चौथीत जाणारा. अंगात ताप, नाक वाहते, घसा लाल. साधा सर्दीताप. मी औषध लिहून दिले. मनगटावर दोन-तीन ओरखडे दिसले म्हणून सहज विचारले, तर म्हणाला, "करवंदीचे काटे लागले." मला ते पटले. आमच्याकडे या दिवसांत काट्यांनी न ओरबाडलेला पोराचा हात सापडणेच कठीण.

आजी कनवटीचे पैसे काढीत होत्या, तेवढ्यात पोराने माझेच पेन घेऊन टेबलावरच्या कागदावर एक चित्र काढले. पंखांचा काळा प्राणी, शेपटीचा एक तुकडा नाहीसा झालेला. "हे कोण रे?" असे विचारले मात्र, ताप विसरून तो बोलू लागला. मामाच्या मोबाइलवर त्याने एक कार्टूनचा सिनेमा हिंदीत पाहिला होता. २०१० साली आलेला 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन'. घरातल्या मुलांबरोबर तो मीही पाहिला आहे. ज्या गावात ड्रॅगन मारणे हाच पुरुषार्थ, त्या गावातला एक किडकिडीत मुलगा स्वतःच्या यंत्राने एक ड्रॅगन पाडतो. पण मारायची वेळ आल्यावर त्याचा हात उठत नाही. शेपटीचा पंख गेल्यामुळे उडता न येणाऱ्या त्या जनावराला तो लपूनछपून मासे नेऊन घालतो, नवा पंख बनवून देतो. घरी मात्र अवाक्षर काढत नाही.

"मग तू कुणाला मासे घालतोस?" मी थट्टेने विचारले.

पोराने आजीकडे चोरून पाहिले आणि हळू आवाजात सांगितले, "सुके बोंबील नेले होते. पण तो खातच नाही. नुसती लाळ गळते. घशात हाड अडकलंय वाटतं. काल मी तोंडात हात घालून बघितलं."

माझ्या हातातले औषध हातातच राहिले.

पेंढ्याच्या उडवीआड त्याने तीन-चार महिन्यांचे कुत्र्याचे एक पिल्लू लपवले होते. दोन दिवस ते निपचित पडून होते, जबडा लोंबत होता, पाणी पुढे ठेवले तरी गिळत नव्हते. मनगटावरचे ओरखडे काट्यांचे नव्हते, त्या पिल्लाच्या दातांचे होते. हाड वगैरे काही सापडले नव्हते. ते तिथे असण्याची शक्यताही कमीच होती.

आजींनी पोराच्या पाठीत घालायला हात उचलला. मी तो धरला आणि म्हणालो, "आजी, मारू नका. याने सांगितले म्हणून तर आपल्याला कळले." पोराला जवळ घेऊन सांगितले, "तू भिऊ नकोस. आणखी कोण होते तिथे?" थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "चिमी." धाकटी बहीण, पाच वर्षांची. आदल्याच दिवशी पडून तिचा गुडघा फुटला होता आणि पिल्लाने तो चाटला होता. वाचकहो, ती चापट बसली असती तर चिमीचे नाव त्याच्या तोंडून निघाले असते का, हा विचार आजही माझी झोप उडवतो.

पिसाळलेले कुत्रे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दात विचकून धावणारे, दिसेल त्याला चावत सुटलेले जनावर येते. ते चित्र खरे आहे, पण अर्धेच. रेबीजचा दुसरा प्रकार मुका असतो. त्यात जनावर चवताळत नाही. कोपरा धरून पडते. जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात, गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज बदलतो. पाहणाऱ्याला वाटते, घशात काहीतरी अडकले आहे. गायबैलांतही असेच होते. गुरू खात नाही, लाळ गळते, म्हणून शेतकरी तोंडात हात घालतो. रेबीजचे विषाणू त्या लाळेतच असतात. चवताळलेल्या कुत्र्यापासून मूल पळते, या मुक्या आजाऱ्याच्या मात्र ते जवळ जाते. म्हणजे ज्या मुलाचे मन हळवे, त्यालाच धोका अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार, रेबीजचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची मुले असतात.

हा रोग शरीरात शिरला तरी लगेच दिसत नाही. बहुधा एक ते तीन महिने जातात. क्वचित आठवडाभरात, तर क्वचित वर्षाने लक्षणे दिसतात. तोवर जखम भरून जाते आणि सगळे विसरून जातात. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रोगी वाचत नाही, असेच समजावे. शिकाऊ डॉक्टर असताना असा एक रोगी मी पाहिला आहे. सतरा-अठरा वर्षांचा तरुण. शुद्धीवर होता, सगळ्यांना ओळखत होता. बापाने पाण्याचा पेला पुढे केला की त्याचा घसा आवळून येई आणि तो थरथरू लागे. बाप पुन्हा पुन्हा विचारीत होता, "कुत्रं कधी चावलं रे?" दोन महिन्यांपूर्वी एका पिल्लाने बोटाला दात लावले होते. ते त्याला जखम वाटलेच नव्हते. आम्ही डॉक्टर भोवती उभे होतो, आणि करण्यासारखे काही उरले नव्हते.

आता आशेची बाजू. एवढ्या भयंकर रोगाला वेळीच अडवता येते. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली योसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली गेली आणि तो वाचला. आपल्याकडे पूर्वी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस पोटावर टोचीत. त्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आजही जुन्या लोकांच्या मनात आहे आणि तिच्यापायी कित्येक जण कुत्रे चावल्याचे दडवतात. ती लस २००४-०५ च्या सुमारास आपल्या देशात बंद झाली. आताची लस दंडात देतात, लहान मुलांना मांडीत. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. त्वचेत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पहिली लस घेतो तो दिवस शून्य धरायचा. सरकारी रुग्णालयांत ती मोफत आहे.

पण लसीच्याही आधीचे औषध प्रत्येकाच्या घरात आहे: साबण आणि पाणी. चावा असो, दाताचा किंवा नखाचा ओरखडा असो, की फुटलेल्या कातडीला लाळ लागलेली असो, ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटे धुवायची. घड्याळ लावून धुवायची. उशीर झाला असला तरी धुवायची. नंतर जंतुनाशक लावावे. हळद, तिखट, चुना, तंबाखू यांतले काहीही जखमेत भरू नये. कोणी सात विहिरींत डोकावून यायला सांगतो, कोणी भगताकडे न्यायला सांगतो. त्यात जाणारा वेळ पुन्हा मिळत नाही.

कातडी फाटून रक्त आले असेल, किंवा जखमेला वा तोंडा-डोळ्यांच्या आतल्या नाजूक त्वचेला लाळ लागली असेल, तर नुसती लस पुरत नाही. लसीचा परिणाम व्हायला काही दिवस लागतात. तेवढ्या काळासाठी तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शन, ज्याला लोक सीरम म्हणतात, जखमेत आणि जखमेभोवती द्यावे लागते. ते पहिल्याच दिवशी द्यावे. राहून गेले तर पहिल्या लसीपासून सात दिवसांच्या आत. कुत्रे दहा दिवस जगते का, ते बघू आणि मग इंजेक्शन घेऊ, असे करू नका. उपचार आधी सुरू करा, कुत्र्यावर नजर नंतर ठेवा. आणि सगळे डोस पूर्ण करा. तिसऱ्या डोसानंतर भाताची लावणी आली म्हणून न येणारे लोक मला माहीत आहेत.

त्या दिवशी दवाखान्याच्या नळाखाली आम्ही पोराचा हात धुतला. पाड्यावरून चिमीला आणवले, तिचा गुडघा धुतला आणि दोघांना जीपने शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात धाडले. पिल्लू दुसऱ्या दिवशी मेले. ते पिसाळलेले होते की आणखी कशाने आजारी होते, ते कळले नाही. तपासणीसाठी नेण्याआधीच कोणीतरी ते पुरून टाकले. पण अशा वेळी खात्रीची वाट पाहायची नसते. दोन्ही मुलांचे सगळे डोस पूर्ण झाले. दोघेही ठणठणीत आहेत.

शेवटच्या इंजेक्शननंतर पोरगा आजीबरोबर मला भेटायला आला. बराच वेळ घुटमळला आणि म्हणाला, "काका, मग मी त्याच्याकडे जायलाच नको होतं का?"

या प्रश्नाला "नको होतं" असे उत्तर देणे सोपे होते. मी म्हणालो, "त्याची काळजी वाटली हे चांगलेच झाले. फक्त एकट्याने जायचे नाही आणि हात लावायचा नाही. आजारी जनावर दिसले की पाणी दूर ठेवायचे आणि धावत येऊन मोठ्या माणसाला सांगायचे." मोठ्यांनी मग १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवेला फोन करावा किंवा जवळच्या गुरांच्या दवाखान्यात कळवावे. घरच्या कुत्र्या-मांजरांना दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी. या उन्हाळ्यापासून त्या पाड्यावरची काही कुत्री तशी टोचून घेतली गेली आहेत आणि त्यासाठी सर्वांत जास्त धावपळ याच पोराने केली.

त्या सिनेमात ड्रॅगनने अर्धवट गिळून परत काढलेला मासा हिकप खातो, तेव्हा मुले पोट धरून हसतात. हसू द्या. नंतर मात्र जवळ बसवून सांगा की हे चित्रात चालते, उडवीआडच्या पिल्लापाशी चालत नाही. आणि आज रात्री जेवताना आपल्या मुलांना एवढे विचारा: "कुठले जनावर तुला चावले, बोचकारले, चाटले का? सांगितलेस तर कोणी रागावणार नाही." दिलेला शब्द मात्र पाळा. सिनेमातल्या बापाला मुलाचे गुपित फार उशिरा कळते. आपल्या घरी ते त्याच दिवशी कळले पाहिजे.