कुत्र्यासकट भाड्याचं घर: लातूर-नांदेडमध्ये फोनवरून फ्लॅट कसा शोधायचा?



"किती जण राहणार?"
"दोघंच काका. मी आणि बायको."
"नोकरी?"
"मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, काम घरूनच असतं. ती बँकेत आहे."
"मग या की संध्याकाळी बघायला."
"काका, आमच्याकडे एक कुत्रा पण आहे."
"नाही हो, मग नाही जमायचं."

बायकोची बदली लातूरला झाली तेव्हा हा संवाद मला पाठच झाला होता. मी मूळचा नांदेडचा, एसजीजीएसमधून इंजिनिअरिंग केलं, नंतर काही वर्षं पुण्यात. आमचा कुत्रा, गुळ्या, पुण्यातच रस्त्यावर सापडलेला देशी. बजेट महिन्याला दहा हजार.

आता एक कबुली. पहिलं घर मी कुत्र्याबद्दल न सांगता घेतलं. म्हटलं, एकदा राहायला गेलो की बघू. महिनाभरात मालकांना कळलं आणि ते म्हणाले, "घर सोडा, नाहीतर कुत्रा सोडा." ब्रोकरचे पैसे गेले, टेम्पोचे गेले, आणि चूक माझीच होती. दुसऱ्या वेळी मी उलटं केलं: कुत्रा सगळ्यात आधी सांगितला आणि करारात लिहून घेतला. या लेखाचा सगळा सार एवढाच आहे. बाकी ते फोनवरून कसं करायचं, ते स्टेप बाय स्टेप बघू.

१. फक्त अ‍ॅपवर विसंबू नका

पुण्या-मुंबईत नोब्रोकर, ९९एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाऊसिंग अशा अ‍ॅपवर भरपूर घरं दिसतात. आपल्याकडे खरा बाजार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, फेसबुक, ओएलएक्स आणि गेटवर लटकवलेल्या 'भाड्याने देणे आहे' या पाटीवर चालतो. ती पाटी कुठल्याच फिल्टरमध्ये येत नाही.

दुसरी गोष्ट क्लासेसची. लातूर पॅटर्नमुळे बाहेरगावची हजारो मुलं शहरात येतात. उद्योग भवनाच्या ट्यूशन एरियात मालकाला एका कुटुंबापेक्षा खोलीत चार मुलं ठेवणं परवडतं. नांदेडलाही भाग्यनगर, श्रीनगरकडे हेच चित्र. म्हणून क्लासेसपासून लांब शोधा, आणि दहावीचा निकाल लागायच्या आधी शोधा. नीटची परीक्षा झाली की जुनी मुलं खोल्या सोडतात आणि निकालानंतर नवीन बॅच येते. मधले ते थोडे दिवस आपले.

मी काय केलं? रोज संध्याकाळी गुळ्याला वेगवेगळ्या कॉलनीत फिरवायला नेलं. पाटी दिसली की फोटो काढायचा आणि गुगल मॅप्सवर ती जागा सेव्ह करायची. मॅप्समध्ये 'भाड्याचं घर' नावाची एक लिस्ट बनवा आणि प्रत्येक जागेच्या नोटमध्ये फोन नंबर, भाडं आणि 'कुत्रा चालेल का' हे लिहा. लिस्ट बायकोसोबत शेअर केली की एकाच नंबरला दोघांचा फोन जात नाही.

२. आधी मेसेज, मग फोन

फोनवर 'कुत्रा' शब्द ऐकला की लगेच 'नाही' येतं. मेसेज वाचायला माणसाला वेळ मिळतो. माझा मेसेज असा होता:

"नमस्कार काका, तुमच्या घराची पाटी बघितली. आम्ही नवरा-बायको, दोघं नोकरीला. आमच्याकडे एक पाळलेला कुत्रा आहे, वय ४ वर्षं, नसबंदी झालेली, रेबीजची लस दरवर्षी दिलेली. रात्री घरातच असतो. काही नुकसान झालं तर भरून देऊ, तसं लिहूनही देऊ. चालत असेल तर बघायला येतो. नसेल तरी हरकत नाही, फक्त कळवा."

सोबत तीन गोष्टी पाठवा: कुत्र्याचा एक फोटो (शक्यतो झोपलेला!), लसीच्या पुस्तकाचा पीडीएफ आणि आधीच्या घरमालकांचा नंबर, अर्थात त्यांना विचारूनच. पीडीएफसाठी वेगळं अ‍ॅप नको, गुगल ड्राइव्हमधलं स्कॅन पुरेसं आहे. आधार मात्र या टप्प्यावर पाठवू नका. नंतर ओळखीसाठी मागितलं तर मास्क्ड आधार द्या, म्हणजे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं. ते यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतं.

बहुतेकांनी 'नाही' कळवलं. पण ते 'नाही' दोन मिनिटांत आलं, सामान उतरवल्यावर नाही.

३. परवानग्या दोन असतात

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. अपार्टमेंट किंवा सोसायटीची कमिटी वेगळी आणि घरमालक वेगळा.

*कमिटी:* भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली सोसायट्या आणि अपार्टमेंट असोसिएशनसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार कमिटी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालू शकत नाही, बहुमताने ठराव केला तरीसुद्धा. लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही. त्याच सूचनांमध्ये आपल्यालाही सांगितलंय की कुत्रा बाहेर पट्ट्याला बांधून न्या, घाण केली तर उचला, लसी वेळेवर द्या.

*घरमालक:* घर कोणाला भाड्याने द्यायचं हे तो ठरवतो. 'कुत्रा ठेवणार नाही' अशी अट करारात असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर कमिटीसाठीच्या सूचना दाखवून काही होत नाही.

म्हणजे कमिटीसमोर नियम उपयोगी पडतो आणि मालकासमोर फक्त करार. पहिल्या घरात माझ्याकडे दोन्हींपैकी काहीच नव्हतं.

आणि कोणी "द्या सोडून गावाबाहेर" म्हणालं तर लक्षात ठेवा, पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे.

४. घर बघताना पाणी विचारा

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, हे इथं कोणी विसरलेलं नाही. "पाणी आहे का?" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. "मे महिन्यात बोअर चालतो का? टँकर लागला तर पैसे कोण देतं?" असं विचारा. कुत्रा असला की फरशी पुसायला जास्तीचं पाणी लागतंच.

गच्चीखालचा मजला मे महिन्यात भट्टी होतो. दोघं कामाला जाणार असाल तर कुत्रा दिवसभर त्या उकाड्यात राहणार, हा हिशेब भाडं ठरवायच्या आधी करा.

५. टोकन पाठवायच्या आधी थांबा

भाड्याच्या घरांच्या नावाखाली एक ठरलेली फसवणूक चालते. फोटो झकास, भाडं कमी, आणि मालक म्हणे सैन्यात असून बाहेरगावी असतो. "आधी टोकन पाठवा, मी क्यूआर पाठवतो, स्कॅन केला की पैसे तुम्हालाच परत येतील." सगळीकडून नकार ऐकून थकलेला, त्यात कुत्रा असलेला माणूस "पेट अलाऊड" वाचून लगेच फसतो. मीही पैसे पाठवायच्या बेतात होतो.

- यूपीआय पिन फक्त पैसे पाठवताना टाकायचा असतो. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही.
- घर आतून बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.
- ताजं लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती मागा आणि त्यावरचं नाव मालकाच्या ओळखपत्राशी जुळवा.
- पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वरही करता येते. जितका उशीर, तितकी पैसे थांबवण्याची शक्यता कमी.

६. करार: कुत्रा कागदावर आणा

"अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी करू" हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे.

नोंदणी ऑनलाइन होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन साइटवर माहिती भरायची, शुल्क भरायचं आणि दोन्ही बाजूंनी आधार पडताळणीसाठी अंगठा द्यायचा. अंगठ्याचं मशीन घेऊन एजंट घरी येतो. एक टीप: आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं असेल तर आधी अनलॉक करा. आमच्या वेळी माझाच अंगठा 'जुळत नाही' म्हणून अर्धा तास गेला होता.

खर्चाचा हिशेब असा. मुद्रांक शुल्क म्हणजे एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणारी रक्कम, या बेरजेच्या ०.२५ टक्के. भाडं १०,०००, डिपॉझिट ३०,००० आणि मुदत ११ महिने धरा:

- भाडं: १,१०,०००
- डिपॉझिटवरची रक्कम: २,७५०
- बेरीज: १,१२,७५०, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण २८२, शंभराच्या पटीत ३०० रुपये
- महापालिका हद्दीत नोंदणी फी: १,००० रुपये

म्हणजे १,३०० रुपये, वर हाताळणी शुल्क आणि एजंटची फी. एजंट किती मागतो ते आता तुम्हाला ताडून बघता येईल.

आणि हे वाक्य अधिकची अट म्हणून टाकायला सांगा: "भाडेकरूकडे एक पाळीव कुत्रा असून त्यास घरमालकाची संमती आहे. कुत्र्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई भाडेकरू करेल." अंगठा देण्याआधी मसुदा स्वतः वाचा. तयार फॉरमॅटमध्ये 'पाळीव प्राणी नको' ही ओळ आधीच असू शकते.

शेवटी आम्हाला घर मिळालं का?

मिळालं, औसा रोडच्या बाजूला. मालकांची मुलं पुण्यात, तेही बरेचदा तिकडेच असतात, घर महिनोनमहिने बंद. माझ्या मेसेजला त्यांचं उत्तर आलं, "कुत्रा भुंकतो ना? मग बरंय, राखण होईल." अशी बंद घरं लातूर-नांदेडात गल्लोगल्ली आहेत. कुलूप आणि धूळ दिसली तर शेजारच्या काकूंना विचारा. मालकाचा नंबर त्यांच्याकडे नक्की असतो.

भाडं आमच्या बजेटपेक्षा पाचशेनं जास्त आहे. पण परवा मालक आले, गेट उघडलं आणि गुळ्या त्यांच्यावर भुंकला, तेव्हा मला त्याला आतल्या खोलीत लपवावं लागलं नाही.

तुमच्याही घरात कुत्रा-मांजर असेल आणि घर शोधत असाल, तर वरचा मेसेज कॉपी करा, नाव-वय बदला आणि आजच पहिल्या पाटीवरच्या नंबरला पाठवा.