‘चॉकलेट सिस्ट’ आणि कर्करोगाची भीती

खडकी, बोपोडी, दापोडी या परिसरात लष्करी आणि दारूगोळा कारखान्यातील कामगारांच्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. येथील असो वा पुण्याच्या अन्य भागातील, सोनोग्राफीच्या अहवालात ‘चॉकलेट सिस्ट’ हे शब्द वाचल्यावर बहुतेक स्त्रियांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो एकच : ‘ही गाठ कर्करोगाची तर नाही ना?’ हा प्रश्न अनाठायी नाही. मात्र त्याचे उत्तर घाबरून जाण्यासारखेही नाही.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे काय?

गर्भाशयाच्या आतील अस्तर दर महिन्याला वाढते आणि मासिक पाळीच्या वेळी रक्तस्रावाबरोबर बाहेर पडते. याच अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजांडकोशावर, बीजनलिकांवर किंवा ओटीपोटाच्या आवरणावर रुजतात, तेव्हा त्या विकारास ‘एंडोमेट्रिओसिस’ म्हणतात. पाळीच्या चक्रानुसार या पेशींतूनही रक्तस्राव होतो. पण त्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसते. बीजांडकोशात ते साठत गेले, की दाट, तपकिरी रंगाच्या द्रवाची गाठ तयार होते. तीच चॉकलेट सिस्ट. पाळीतील असह्य वेदना, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे आणि वंध्यत्व ही या विकाराची प्रमुख लक्षणे होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांना हा विकार असतो.

शंभर वर्षांपूर्वीचे निरीक्षण

अमेरिकी शल्यविशारद जॉन सॅम्पसन यांनी १९२५ मध्येच एंडोमेट्रिओसिसमधून कर्करोग उद्भवू शकतो, असे नोंदविले होते. त्याचा सबळ आकडेवारीनिशी पडताळा येण्यास मात्र बराच काळ जावा लागला. तेरा अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१२ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसून आले, की एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांमध्ये बीजांडकोशाच्या ‘क्लिअर सेल’ प्रकारच्या कर्करोगाचा धोका सुमारे तिपटीने, तर ‘एंडोमेट्रिऑइड’ प्रकाराचा सुमारे दुपटीने अधिक असतो. बीजांडकोशाच्या कर्करोगात सर्वाधिक आढळणारा आणि अधिक घातक ठरणारा जो ‘हाय ग्रेड सीरस’ प्रकार, त्याच्याशी मात्र या अभ्यासात संबंध दिसला नाही.

अमेरिकेतील युटा राज्यातील सुमारे पाच लाख स्त्रियांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हा धोका एकूण सुमारे चौपट, तर खोलवर पसरलेला विकार किंवा चॉकलेट सिस्ट असलेल्या स्त्रियांत सुमारे साडेनऊ पटींहून अधिक आढळला.

संबंध कसा जुळतो?

साठलेल्या जुन्या रक्तातील लोह, सततचा दाह आणि इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा प्रभाव यांमुळे पेशींतील जनुकांना इजा होत राहते, असे संशोधक मानतात. पेशींच्या वाढीवर अंकुश ठेवणाऱ्या ‘एआरआयडी१ए’ या जनुकातील बिघाड क्लिअर सेल प्रकाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत असतो, हे २०१० मध्ये उघड झाले. काही रुग्णांत तोच बिघाड गाठीलगतच्या एंडोमेट्रिओसिसमध्येही सापडला. तथापि, कर्करोगाशी निगडित काही जनुकीय बदल कर्करोग नसलेल्या एंडोमेट्रिओसिसमध्येही दिसतात. म्हणजेच असा बदल झाला, की कर्करोग होतोच असे नाही.

‘पटी’मागचे वास्तव

‘चौपट’ हा शब्द ऐकताच धडकी भरते. परंतु मुळातील धोकाच कमी असेल, तर त्याची चौपटही मर्यादितच राहते. युटातील अभ्यासानुसार दर दहा हजार स्त्रियांमागे सुमारे दहा रुग्ण वाढतात. युरोपातील तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आयुष्यभरात बीजांडकोशाचा कर्करोग होण्याची शक्यता सर्वसाधारण स्त्रीमध्ये १.३ टक्के, तर एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रीमध्ये १.८ टक्के असते. याचाच अर्थ, शंभरांतील अठ्ठ्याण्णव जणींना हा कर्करोग होत नाही.

हे लक्षात ठेवणे महाराष्ट्रात विशेष गरजेचे आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या २०१९ मधील सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया केल्याच्या तक्रारी त्या वेळी पुढे आल्या होत्या. केवळ कर्करोगाच्या धास्तीने गर्भाशय किंवा बीजांडकोश काढून टाकणे योग्य नव्हे. रजोनिवृत्तीपूर्वी दोन्ही बीजांडकोश काढल्यास हाडे आणि हृदय यांवर दुष्परिणाम होतात.

काय करावे?

सरसकट सर्व स्त्रियांची नियमित तपासणी केल्याने बीजांडकोशाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू घटत नाहीत, हे ब्रिटनमधील दोन लाख स्त्रियांच्या अभ्यासातून २०२१ मध्ये स्पष्ट झाले. ‘सीए-१२५’ या रक्तचाचणीचा आकडा एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढतो. त्यामुळे केवळ त्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

पुढील गोष्टी घडल्यास मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे : रजोनिवृत्तीनंतर गाठ आढळणे किंवा वाढणे, गाठीत घट्ट भाग दिसणे, दुखण्याचे स्वरूप अचानक बदलणे, कित्येक आठवडे पोट फुगलेले राहणे, थोडे खाताच पोट भरणे, वारंवार लघवीला जावे लागणे. आई, बहीण किंवा मावशी यांना बीजांडकोशाचा अथवा स्तनाचा कर्करोग झाला असल्यास तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. संततिनियमनाच्या संप्रेरक गोळ्यांनी वेदना कमी होतात आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोकाही घटतो. मात्र त्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात.

गाठीची तुलना जुन्या अहवालाशी केल्यावरच तिच्यातील बदल कळतो. बदलीच्या नोकरीमुळे गावोगावी फिरणाऱ्या लष्करी कुटुंबांतील स्त्रियांनी म्हणूनच सोनोग्राफीचे सर्व अहवाल आणि शस्त्रक्रियेची कागदपत्रे एका फाइलमध्ये जपून ठेवावीत.

परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने भारतीय स्त्रियांमधील एंडोमेट्रिओसिसचा अभ्यास हाती घेतला आहे. दरम्यान, ‘पाळीत दुखायचेच’ असे म्हणून मुलींच्या वेदनेकडे दुर्लक्ष न करणे, एवढे तर प्रत्येक घराला करता येईल.