खोटं धुकं, ओला रस्ता

जानेवारीत चंडीगडला धुक्याची काय कमी! तरी सेक्टर 39 च्या दाणा मंडीत, हंगाम नसल्याने रिकाम्या पडलेल्या शेडखाली, दोघं जण यंत्रातून धूर सोडत होते. चित्रपट पंजाबातल्या एका तालुक्याच्या गावात झालेल्या खुनाचा, आणि त्या रात्री प्रेत सापडायचं होतं. खरं धुकं असताना हे कशाला, असं मी कॅमेऱ्याच्या सहायकाला विचारलं. त्याचं म्हणणं, खरं धुकं कुणाचं ऐकत नाही. एका टेकला दाट, पुढच्याला मागचा खांब स्वच्छ दिसतो; मग संकलनाच्या टेबलावर तुकड्याला तुकडा जुळत नाही. म्हणून आभाळातलं धुकं विरेपर्यंत थांबायचं आणि आपलं सोडायचं. वारा सुटला की तेही गेलं.

प्रकाशाचं तर उलटंच शास्त्र. धुक्यावर समोरून उजेड टाकला की पांढरी भिंत उभी राहते. घाटात हेडलाइट अप्परला टाकणाऱ्याला हे सांगायला नको. त्यामुळे मोठा दिवा शेडच्या पाठीमागे, उंचावर. धूर त्याच्यापुढून सरकतो तेव्हा दिसतो, माणसांच्या खांद्यांना नुसती कड मिळते आणि चेहरे काळे राहतात. उरलेला उजेड काळ्या कापडाच्या चौकटींनी अडवायचा. ‘दादा, कटर अजून खाली घ्या, पायावर लाइट सांडतोय,’ हे अस्सल मराठीत ऐकू आलं. लाइटची माणसं मुंबईहून आली होती. अंधार म्हणजे दिवे बंद करणं नव्हे, हे कळायला तिथे तासभर उभं राहावं लागतं. जनरेटरची गाडी मात्र आवाजामुळे पार लांब, आणि तिथून केबल ओढताना पोरांची दमछाक.

मग टँकर आला. कोरडं डांबर प्रकाश पिऊन टाकतं, ओलं परत करतं. पडद्यावरच्या रात्री पाऊस नसतानाही रस्ते का चकाकतात ते असं. (एकदा हे कळलं की प्रत्येक चित्रपटात तेवढंच दिसत राहतं.)

खरी पंचाईत चंडीगडचीच होती. ल कॉर्ब्युझिएने आखलेलं हे शहर: साधारण 1200 बाय 800 मीटरचे सेक्टर, सरळसोट रस्ते, जागोजागी आकड्यांच्या पाट्या. येणारा माणूस इतक्या लांबून दिसतो की दबा धरायला कोपराच सापडत नाही. कलाविभागाने ट्रॉलीसकट ट्रॅक्टर आडवा लावला, बारदानाची थप्पी रचली, अडत्याच्या दुकानाची गुरुमुखी पाटी टांगली, आणि सरळ रेषा मोडली. बोळाची दृश्यं मात्र पलीकडे सेक्टर 41 मधल्या बुटेरल्यात करणार होते. ते गाव शहराच्या आधीचं, त्यामुळे वाकडंतिकडं.

पण गावातल्या गुन्ह्याची भीती बोळात नसते, ओळखीत असते. परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या हत्याकांडावर विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि अमोल पालेकरांनी दिग्दर्शित केलेला ‘आक्रित’ 1981 साली आला; त्याचं हत्यार हेच. 2023 च्या ‘कोहरा’ मालिकेतही लग्नाच्या तोंडावर नवरामुलगा मारला जातो आणि तपास घराघरांतल्या जुन्या दुखण्यांवर जाऊन आदळतो. शहरातला खुनी अनोळखी असू शकतो. गावात तो अंत्ययात्रेत असतो.

सर्वाधिक वेळ म्हणूनच धुराला नाही, गर्दीला लागला. प्रेताभोवतीचे बघे म्हणून मंडीतलेच पल्लेदार, म्हणजे हमाल, घेतले होते. सगळे प्रेताकडे टक लावत. ‘आधी एकमेकांकडे बघा,’ दिग्दर्शक पुन्हा पुन्हा सांगे. ते काही जमेना. शेवटी एका पोक्त पल्लेदाराने वैतागून शेजाऱ्याला विचारलं, हा मेलेला आहे कुणाचा? शेजाऱ्याने त्याच्याकडे बघितलं, मग तिसऱ्याने. दिग्दर्शकाने तोच प्रश्न पुढच्या टेकला ठेवला. आता त्या पल्लेदाराला वाक्य आलं, म्हणून त्याने गर्दीपेक्षा जास्त पैसे मागितले. प्रॉडक्शनवाला कुरकुरला, पण त्याने दिले.