हरित कर्ज कुणाचे, गायरान कुणाचे?

हरित विकासासाठी सावकार वॉशिंग्टनचा बरा, फ्रँकफर्टचा की बीजिंगचा? गरीब देशांचे राज्यकर्ते हाच हिशेब मांडतात. सावकार अनेक असले की घासाघीस करता येते, हे खरेच. साक्रीच्या १२५ मेगावॅट सौर प्रकल्पाला जर्मनीच्या केएफडब्ल्यूचे कर्ज मिळाले. जालन्यासह मराठवाड्यात २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या पैशावर 'पोकरा' आली. पण कुंभार पिंपळगावच्या भूमिहीनाला त्याचे काय? ठिबकाला आधी रान लागते! त्याच्या वाट्याला फार तर शेळ्या.

१४ एप्रिल १९९० पूर्वीची दलितांची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा. सातबारे किती निघाले? २०२३ च्या सौर कृषी वाहिनी २.० ला मात्र गायराने लगेच सापडली. कंपनी भाडेकरू, आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारा अतिक्रमणधारक!