जागा कोणाची, प्रश्न कोणाचे?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सांगलीच्या जागेवरून महाविकास आघाडीत जो वाद माजला, तो आपल्या राजकीय चर्चेचे स्वरूप उघड करणारा होता. जागा काँग्रेसची की शिवसेनेची, उमेदवार विशाल पाटील की चंद्रहार पाटील, याच वादात प्रचाराचा मोलाचा काळ गेला. अखेर विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि भाजपचे संजयकाका पाटील यांचा सुमारे १ लाख मतांनी पराभव करून निवडून आले. आघाडीच्या अधिकृत उमेदवाराची अनामत जप्त झाली. जागांचे वाटप म्हणजे मतदारांचे वाटप नव्हे, हाच या निकालाचा अर्थ होय.

परंतु एवढ्यावर समाधान मानणे योग्य नव्हे. वसंतदादांचा वारसा, नातवावरील अन्याय आणि मतांची बेरीज-वजाबाकी यांच्या गदारोळात कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराचे वेतन, द्राक्ष-हळदीचा भाव आणि जतचे पाणी यांना कितीशी जागा मिळाली? कोण निवडून येईल, ही पक्षांची चिंता आहे. निवडून आल्यावर तो काय करील, ही आपली. सुशिक्षित मतदारानेही पहिल्याच प्रश्नात रमावे, ही लोकशाहीची खरी हानी होय.