लबाडी आणि तिची सबब

लोक लबाडी का करतात, या प्रश्नाचे एक उत्तर फार जुने आहे: लाभ मोठा आणि पकडले जाण्याचे भय थोडे, म्हणून. १९६८ साली गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने या उत्तरास गणिती रूप दिले. लाभ, पकडले जाण्याची संभाव्यता आणि शिक्षेची मात्रा ठाऊक असली म्हणजे मनुष्य काय करील हे सांगता यावे, अशी ती मांडणी होती. परीक्षांतील गैरप्रकारांस प्रतिबंध करणारा महाराष्ट्रातील १९८२ चा कायदाही याच गृहीतावर उभा आहे. हे उत्तर चुकीचे नाही. मात्र ते अपुरे आहे.

ते कोठे अपुरे पडते, हे फिशबाखर आणि फ्यॉल्मी-ह्यूसी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगावरून चांगले दिसते. स्वित्झर्लंडमधील विद्यार्थ्यांना एकेकटे बसवून पेल्यात फासा हलवावयास सांगितले. एक ते पाच दान पडल्यास तितके फ्रँक मिळावयाचे, सहा पडल्यास काही नाही. दान फक्त खेळणाऱ्यासच दिसे. तो सांगेल तो आकडा खरा धरला जाई. पकडले जाण्याची संभाव्यता शून्य, तेव्हा सर्वांनी ‘पाच’ म्हणावयास हवे होते. तसे घडले नाही. लेखकांच्या अनुमानाप्रमाणे सुमारे ३९ टक्के विद्यार्थी पूर्णपणे खरे बोलले आणि सुमारे २० टक्के पूर्णपणे खोटे. खरे कुतूहल उरलेल्यांविषयी वाटते. ‘चार’ हे उत्तरही योगायोगाने यावे त्याहून बरेच अधिक वेळा आले. रक्कम तिप्पट केली तरी एकंदर चित्र फारसे पालटले नाही. चार सांगणाऱ्यास पैसे हवे आहेत, पण आपण लबाड आहोत ही कबुली स्वतःपाशीही द्यावयाची नाही. म्हणून तो एक फ्रँक सोडतो. लबाडी लोभाइतकी वाढत नाही, सबब पुरेल तितकीच वाढते.

सबब प्रसंगागणिक बदलते, हेही नवे नाही. हार्टशोर्न आणि मे यांनी अमेरिकेतील सुमारे अकरा हजार मुलांची परीक्षा घेऊन १९२८ मध्ये दाखविले होते की, उत्तरपत्रिकेत फेरफार करणारे मूल खेळात फसवीलच असे नाही. निरनिराळ्या प्रसंगांतील सहसंबंध अगदी क्षीण होते. पुढे १९६३ मध्ये बर्टन यांनी त्याच आकड्यांची फेरमांडणी करून प्रामाणिकपणाचा एक अल्पसा सर्वसामान्य घटक शोधून काढला, तो अल्पसाच.

मग लबाडी थांबते कशाने? येथे आमच्याच ज्ञानशाखेची एक लाजिरवाणी हकीकत सांगितली पाहिजे. सत्यकथनाची सही प्रपत्राच्या शेवटी न घेता आरंभी घेतली तर लोक अधिक खरे लिहितात, असा निष्कर्ष २०१२ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचा एक आधार म्हणजे मोटारविम्याच्या ग्राहकांनी कळविलेले मैलांचे आकडे. उपाय फुकटचा असल्याने त्याची कीर्ती झपाट्याने पसरली. २०२० मध्ये मूळ लेखकांनीच नवे प्रयोग करून परिणाम आढळत नसल्याचे कळविले, आणि त्या वेळी जुनी आधारसामग्री सर्वांस खुली केली. पुढील वर्षी ती तपासणाऱ्या संशोधकांस दिसले की, शून्यापासून पन्नास हजारांपर्यंतचा प्रत्येक टप्पा मैल चालविणाऱ्यांची संख्या जवळजवळ सारखी आहे आणि पन्नास हजारांपुढे एकही मोटार नाही. खरी माणसे अशी मोटार चालवीत नाहीत. पहिल्या नोंदीचे निम्मे आकडे तर वेगळ्याच अक्षरठशात होते. आधारसामग्री बनावट होती, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये लेख मागे घेण्यात आला. अप्रामाणिकपणावरील संशोधनातच अप्रामाणिकपणा शिरला होता!

या हकीकतीत सहीने काही साधले नाही. साधले ते खुल्या आधारसामग्रीने. डेन्मार्कमधील करदात्यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाशी हे जुळते. ज्या उत्पन्नाची नोंद मालक किंवा बँक परस्पर सरकारास कळविते, तेथे चोरी जवळजवळ नव्हती. जे उत्पन्न करदाता स्वतःच सांगतो, तेथे ती पुष्कळ होती. दुसऱ्याची नोंद समोर असली म्हणजे ‘थोडेसेच’ ही सबब चालत नाही.

दंडाविषयी मात्र सावध राहावे. हैफा येथील पाळणाघरांनी मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांस किरकोळ दंड लावला, तेव्हा उशीर करणारे वाढले, आणि दंड उठविल्यावरही कमी झाले नाहीत. पालकांनी दंडास शुल्क मानले. उशीर म्हणजे लबाडी नव्हे हे खरे, पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही, याचा अर्थ आपल्याकडे नेमका असाच लावला जातो. हे वाक्य कोणाचे, हा प्रश्न मागे पडतो आणि टक्के किती भरले, एवढेच विचारले जाते. ही सबब आपणच छापून दिली आहे. प्रबंधाबरोबर मूळ प्रश्नावल्या, टिपणवह्या आणि गणनपत्रके विभागात जमा व्हावीत आणि कोणाही सहाध्यायास ती मागून पाहता यावीत, एवढी प्रथा पाडणे आपल्या हाती आहे. उत्तरदात्यांची नावे तेवढी आधी काढून घ्यावी लागतील.