धार नळाची, बोल विहिरीला

एप्रिल उलटला की वसईच्या गिरीज, सांडोर, तरखड, भुईगाव या पट्ट्यात घरोघरी एक तक्रार सुरू होते : ‘विहीर आटली वाटतं, नळाला जोरच नाही.’ शेजारी म्हणतो दीड हॉर्सपॉवरचा पंप बसव. मेव्हणा म्हणतो सरळ बोअर मार. विहिरीत डोकावून पाहिलेलं मात्र कुणी नसतं. बऱ्याचदा विहिरीत पाणी असतं आणि खोट असते फूटवाल्व्हपासून नळाच्या तोटीपर्यंत कुठेतरी. जेव्हा खोट खरंच विहिरीची असते, तेव्हा मोठा पंप आणि खोल बोअर हे दोन्ही उपाय समुद्रालगतच्या या गावांत रोगापेक्षा भारी पडतात.

‘नळाला जोर नाही, म्हणजे विहिरीत पाणी नाही’

आपल्याकडच्या बहुतेक घरांत नळाचा विहिरीशी थेट संबंधच नसतो. पंप पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवतो आणि नळाला जोर मिळतो तो टाकीच्या उंचीमुळे. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब, असा हा हिशोब आहे. टाकी गच्चीच्या लादीवरच ठेवलेली असेल, तर वरच्या मजल्यावरच्या शॉवरला जेमतेम दीड-दोन मीटर उंची मिळते, म्हणजे फार तर ०.२ किलो. विहीर भर श्रावणात काठोकाठ असली तरी तिथली धार बारीकच राहणार.

म्हणून सुरुवात गच्चीवरून करायची. पंप चालू ठेवून टाकीत पडणारी धार पाहायची. ती पूर्वीसारखी असेल, तर पंप आणि विहीर दोन्ही सुटले. मग टाकीचा निम्मा बंद राहिलेला व्हॉल्व्ह, पाइपात अडकलेली हवा, तोटीच्या जाळीत साचलेला क्षार, आतून गंजून अरुंद झालेला जुना लोखंडी पाइप, इथे शोध घ्यावा. खाली उतरणारा पाइप एक इंचाऐवजी अर्ध्या इंचाचा घातला, तर तेवढंच पाणी वाहायला घर्षण जवळपास ३२ पट होतं. घर बांधताना पाइपात वाचवलेले पैसे माणूस पुढे जन्मभर बादली भरण्याची वाट पाहत फेडतो.

प्रेशर पंप बसवलेल्या घरांची गोष्ट थोडी वेगळी. तोटी जराशी उघडली की पंप चालू-बंद, चालू-बंद होत असेल, तर त्याच्या छोट्या टाकीतली हवा कमी झालेली असते. पंप बंद करून, टाकीतलं पाणी पूर्ण सोडून, सायकलच्या पंपानेही ती हवा भरता येते. ज्या दाबाला पंप सुरू होतो, त्याच्या किंचित खाली ती ठेवायची.

‘पंप पाणी उचलत नाही, म्हणजे पंप गेला’

टाकीतच धार कमी पडत असेल, तर विहिरीकडे वळावं. पण पंप खोलून न्यायची घाई नको. विहिरीच्या काठावर बसवलेला साधा मोनोब्लॉक पंप पाणी ‘ओढतो’ असं आपण म्हणतो. खरं तर पंप पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हवेच्या दाबाची कुवत सव्वादहा मीटरच्या आसपास आहे. पाइपातलं घर्षण आणि इतर तोटे वजा जाता हाती राहतात सहा-सात मीटर. पंप एक हॉर्सपॉवरचा असो की पाचचा, ही मर्यादा हलत नाही. पावसाळ्यात सुरळीत चालणारा पंप मेमध्ये हवा पकडतो, त्यामागे कित्येकदा एवढंच असतं : पाण्याची पातळी उतरली, पंप मात्र उंच ओट्यावर तिथेच राहिला. दोन फूट खाली टप्पा बांधून पंप उतरवला की तो पुन्हा चालतो.

त्याआधी फूटवाल्व्ह तपासायचा. सक्शन पाइपाच्या तळाशी असलेली ही झडप पंप बंद झाल्यावर पाणी खाली सुटू देत नाही. आंब्याचं कुजलेलं पान, शिंपल्याची कच किंवा झिजलेला वॉशर एवढ्यानेही ती नीट बसत नाही. परीक्षा सोपी आहे. रात्री पंप बंद केला की सकाळी, मेन स्विच काढून, पाणी भरायचं बूच उघडा. पाणी तोंडाशी असेल तर झडप ठीक. आत पोकळी असेल तर झडप गळते आहे, किंवा सक्शनच्या सांध्यातून हवा शिरते आहे. कुठल्या सांध्यातून, ते पाहायला पंप चालू असताना सांध्यांना बाहेरून साबणाचा फेस लावायचा. गळका सांधा फेस आत ओढून घेतो. इथे चुकीच्या जागी फुगे शोधणारे पुष्कळ भेटतात. सक्शनच्या बाजूला फुगे येत नाहीत, उलट फेस नाहीसा होतो.

मोटर नुसती घुमते आणि फिरत नाही, अशा वेळी बहुधा कपॅसिटर बसलेला असतो. तो काही शे रुपयांत मिळतो. तेवढ्यासाठी नवी मोटर घेऊ नका. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा पंप थांबवून पहाटे चालवावा. कमी व्होल्टेजला मोटर जास्त करंट घेते, तापते आणि वायंडिंग जळतं.

‘मोठा पंप लावला की झालं’

विहीर म्हणजे टाकी नव्हे. तिच्यात पाणी झऱ्यांनी येतं, आणि येतं तेवढ्याच वेगाने येतं. मोठा पंप ते पंधरा मिनिटांत उपसून कोरडा पडतो. कोरडा चालला की सील जळतं. रात्रीची पातळी दोरीला वजन बांधून मोजा, पंप चालू करून पुन्हा मोजा, मग पंप बंद करून पातळी पूर्ववत यायला किती वेळ लागतो तो भिंतीवर लिहून ठेवा. या तीन आकड्यांपुढे दुकानदाराचा सल्ला फिका पडतो. राज्याची भूजल यंत्रणाही निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून अशाच ठरावीक वेळी घेते. घरी दिवाळीनंतर एकदा आणि मेमध्ये एकदा मोजलं तरी पुरे.

‘खोल गेलं की गोडं पाणी लागतं’

देशावर, काळ्या कातळात, या म्हणण्याला थोडा तरी आधार सापडेल. गिरीजला नाही. इथे पश्चिमेला समुद्र आहे, उत्तर-दक्षिणेला खाड्या आहेत. पावसाचं गोडं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगतं, कारण खारं पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असतं. बॅडन गायबेन या डच अभियंत्याने १८८८-८९ च्या सुमारास आणि हर्झबर्ग या जर्मनाने १९०१ मध्ये याचा हिशोब मांडला : समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. हा आदर्श वाळूचा हिशोब झाला. प्रत्यक्षात मधे कातळ येतो, चिकणमाती येते, आकडे बदलतात. दिशा मात्र बदलत नाही. वरची पातळी अर्धा मीटर उतरवली, की खालचं खारं पाणी कित्येक पटीने वर सरकू लागतं. जोराचा उपसा झाला की ते नेमकं पंपाच्या खालीच सुळक्यासारखं चढतं.

जुन्या वाडीवाल्यांच्या विहिरी उथळ आणि रुंद होत्या आणि रहाटाने पाणी सावकाश निघायचं, ते या भूगोलाला धरूनच होतं. पाणी मचूळ लागायला लागलं तर उपसा कमी करायचा, दिवसातून दोन-तीनदा थोडा थोडा. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं टीडीएस मीटर जवळ ठेवावं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण केळीचं पान कडेने करपायला लागलं की ते मीटरच्या आधी सांगतं.

याच ओघात पाणाड्याचं. हातावर उभा राहणारा नारळ पाहून विहिरीची जागा ठरवणारे अजूनही बोलावले जातात, आणि या पट्ट्यात ते सहसा खरे ठरतात. ठरणारच. वाळूच्या जमिनीत थोडं खणलं की कुठेही पाणी लागतं. ते गोडं किती दिवस राहील, हा प्रश्न नारळाला कुणी विचारत नाही.

‘एवढा पाऊस पडतो, विहीर भरेलच’

वसईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर तेवढ्यात दोन लाख लिटर पाणी येतं. हे सगळं पाणी विहिरीत सोडा, असा सल्ला सरसकट दिला जातो. मला तो इथे अर्धाच पटतो. जुलैत जमीन आधीच गच्च असते. त्या वेळी आत घातलेलं पाणी खाडीची वाट धरतं. खरी गरज असते ती सप्टेंबरअखेरचं पाणी धरून ठेवण्याची आणि ते काम बावखलं करायची. वाडीच्या कडेला खणलेली ही डबकी पाणी साठवायची, शिंपायलाही द्यायची, हळूहळू मुरवायचीही. भराव घालून कितीतरी बुजवली गेली. त्यात १९८० च्या दशकाअखेरीस विहिरींतून टँकर भरण्यासाठी होणारा उपसा वाढला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती त्याविरुद्ध उभी राहिली होती. टँकरने काय होतं, ते समजायला वरचा चाळीस पटीचा हिशोब पुरेसा आहे. आवारात बावखल शिल्लक असेल तर त्यातला गाळ काढा, भराव घालू नका. छपराचं पाणी आत सोडायचं तर पहिल्या पावसाचं घाण पाणी वगळून, जाळी आणि वाळूच्या थरातून गाळून.

गाळ विहिरीतही साचतो आणि झऱ्यांची तोंडं बुजवतो, म्हणून तो काढायला हरकत नाही. फूटवाल्व्ह तळापासून दीड-दोन फूट वर टांगावा, म्हणजे तो पुन्हा गाळ ओढणार नाही. मात्र गाळ काढताना तळ आणखी खणू नये, वाळू सरकून कठडा बसतो. आणि विहिरीत डिझेलचं किंवा पेट्रोलचं इंजिन उतरवून उपसा करू नये. त्याचा धूर तळाशी कोंडतो आणि खाली उतरलेला माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो. उपसा विजेच्या पंपाने वरून करायचा. माणूस उतरण्याआधी पंपाची वीज तोडायची, त्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि काठावर तो दोर धरून दोघांनी उभं राहायचं.